फजितीला सोबत हवी : मैत्रीच्या विनोदी कादंबऱ्यांचे अनुभव

मंडळी, परवा पुस्तकांचं कपाट आवरताना एक जुनी विनोदी कादंबरी हाती लागली. उभ्या उभ्या पान-दोन पान चाळावं म्हणून उघडली आणि भानावर आले तोवर पायांना रग लागली होती. त्या प्रकरणात घडतं एवढंच : तीन मित्र एक कपाट जिन्यावरून वर न्यायला निघतात. पहिल्याच वळणावर ते अडकतं. वरचा म्हणतो, "तिरकं धर." खालचा म्हणतो, "तिरकंच धरलंय." तिसरा कपाटाच्या पलीकडे भिंतीशी चेपला गेलाय आणि त्याला कुणी काही विचारतच नाही. पुढे काय होणार हे मला पाठ आहे. तरी हसता हसता डोळ्यांत पाणी आलं.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. त्या जिन्यावर मी एकटी कपाट घेऊन अडकले असते तर रडले असते. तिथे तिघं आहेत, म्हणून त्याचं प्रकरण झालं. एकमेकांवर ओरडतात, पण कपाट सोडून कुणी निघून जात नाही. अशा कादंबऱ्यांचं वेड मला तरी त्यामुळेच आहे असं वाटतं. तुम्हाला त्या कधी भेटल्या, कुठे उपयोगी पडल्या, कधी बोचल्या, ते सगळं लिहा. आवडती पुस्तकं सांगा यापेक्षा तुमचं काय झालं ते सांगा.

*

मी परिचारिका आहे. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर खोकला आला की टाक्यांवर ताण येतो, म्हणून आम्ही रुग्णाला सांगतो की उशी पोटाशी घट्ट धरा आणि मग खोका. एका रात्रपाळीत फेरी मारताना दिसलं, की तिसऱ्या दिवसाचे एक गृहस्थ दोन्ही हातांनी उशी आवळून बसलेत आणि चेहरा लालबुंद. मी धावले. मांडीवर पुस्तक उघडं होतं. दोन मित्र उधार आणलेली छत्री परत करायला जातात आणि प्रत्येक घरी आणखी एक छत्री विसरून येतात, असं काहीसं त्यात चाललं होतं. ते म्हणाले, "सिस्टर, दुखतंय फार, पण काढून घेऊ नका." मी काढून घेतलं नाही. दिवसाला चारच पानं वाचायची, असं आमचं ठरलं. उशी हातात घेतल्याशिवाय पुस्तक उघडायचं नाही, हीही अट.

घरी जाताना ते पुस्तक माझ्याकडेच ठेवून गेले. रात्रपाळीला ते बरोबर नेते. पहाटे तीन-चारच्या सुमाराला अंग जड होतं, तेव्हा दुसरं काही वाचवत नाही. हे मात्र मधेच घंटी वाजली तर मिटता येतं आणि तासाभराने कुठूनही उघडता येतं. छत्र्या तोवर वाट बघत असतात.

*

वर ताईंनी चार पानांचा नेम लिहिलाय, त्यावरून आमचा नेम आठवला. बाबांच्या दृष्टीचा मधला भाग गेला आहे. कडेचं दिसतं, समोरचं अक्षर दिसत नाही. आयुष्यभर वाचलेला माणूस, त्यामुळे मी वाचून दाखवू लागले. त्यांनी निवडलं चार्ल्स डिकन्सचं 'पिकविक पेपर्स'. ही कादंबरी १८३६ ते १८३७ या काळात महिन्याच्या हप्त्यांनी निघाली, तेव्हा डिकन्स चोविशी-पंचविशीचा होता. बाबांचा आग्रह असा, की आपणही तशीच ऐकायची. महिन्याला एक हप्ता, मग पुढच्या महिन्यापर्यंत थांबायचं.

मला वाटलं होतं कंटाळा येईल. उलट झालं. पुढचा हप्ता येईपर्यंत ती मंडळी आमच्या बोलण्यात वावरायला लागली. पिकविकसाहेब चुकून दुसऱ्याच खोलीत शिरून झोपायची तयारी करतात आणि पडद्याआडून पाहतात तर तिथे एक बाई केस विंचरतेय, हे प्रकरण झाल्यावर बाबा आठवडाभर जिन्यात थांबून मला विचारायचे, "हीच ना गं आपली खोली?" मोठ्याने वाचताना एक कळलं : हसायचं वाक्य वाचणाऱ्याने हसत वाचायचं नाही. अगदी बातमी वाचावी तसं वाचायचं. बाबा मात्र वाक्य यायच्या आधीच हसू लागत, कारण ते त्यांनी चाळीस वर्षांपूर्वी वाचलेलं होतं आणि त्यांना ते लांबून येताना दिसायचं.

मधे मी कुठेसं वाचलं, की मे १८३७ मध्ये डिकन्सची सतरा वर्षांची मेहुणी मेरी हॉगार्थ अचानक गेली. त्याला लिहिता येईना आणि पुढचा हप्ता निघालाच नाही. मी हे बाबांना सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मग आपणही तो महिना कोरा सोडू." आम्ही सोडला. हसवणारं पुस्तक लिहिणाऱ्याचं बोट धरून आम्ही बापलेकीने एक महिना पाळला, याचं मला आजही बरं वाटतं.

*

थोडक्यात लिहितो. जेरोम के. जेरोमचं 'थ्री मेन इन अ बोट', म्हणजे तीन मित्र आणि एक कुत्रा यांच्या नौकासफरीची गंमत, १८८९ साली आलं. त्याला लिहायचं होतं थेम्स नदीचं माहितीपर पुस्तक, काठच्या गावांच्या इतिहासासकट. गमतीजमती वाढत गेल्या आणि इतिहासाचे तुकडे तेवढे अधूनमधून उरले. ते सांधे आजही बोटाला लागतात. जॉर्ज आणि हॅरिस या पात्रांमागे त्याचे खरेखुरे दोस्त आहेत, कुत्रा मात्र कल्पनेतला.

हे समजल्यावर मी अननसाच्या डब्याचा प्रसंग पुन्हा वाचला. डबा आहे, फोडायचं हत्यार नाही. आधी चाकू मोडतो, मग कात्री उडते, मग नावेचा टोकदार आकडा, शेवटी दगड आणि डोलकाठी. डब्याचे नाना आकार होतात पण भोक पडत नाही. पूर्वी मी डब्याला हसायचो. आता मला दिसतं, की तिघांपैकी एकदाही कुणी म्हणत नाही, "जाऊ दे, मला नको." एकाने हार मानली तर दुसरा पुढे होतो. खरे दोस्त डोळ्यांसमोर असल्याशिवाय हे लिहिता येत नसावं.

*

माझा अनुभव जरा वेगळा आहे, आणि इथे लिहावा असं मनापासून वाटतं. मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. शाळेच्या वयात एक विनोदी कादंबरी वर्गात फार गाजत होती, तिच्यातल्या चार मित्रांपैकी एक तोतरा. दर दोन पानांनी त्याचं बोलणं अक्षरं तोडून छापलेलं. वर्गातली मुलं ती पानं माझ्यासमोर मोठ्याने वाचायची. मी बरीच वर्षं विनोदी म्हणून छापलेलं काहीही हातात धरलं नाही.

पुढे नोकरीतल्या एका स्नेह्याने दुसरीच एक कादंबरी आग्रहाने दिली. तिच्यातही एक अडखळणारा माणूस आहे. त्याची फजिती होते ती वेगळ्या कारणाने. आपल्याला दिशा कळतात असा त्याचा ठाम समज आहे, आणि तो सगळ्यांना घेऊन तीनदा त्याच विहिरीपाशी परत येतो. अडखळणं एकाच जागी येतं. त्याला चूक कबूल करायची असते, शब्द फुटत नाही आणि बाकीचे तिघं विहिरीच्या काठावर बसून तो शब्द पुरा होईपर्यंत थांबतात. ते वाचून मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ तसाच बसलो.

म्हणून माझं मत असं, की फजिती माणसाच्या हट्टातून यावी, त्याच्या शरीरातून नको. हट्ट सगळ्यांनाच असतो, त्याला हसताना वाचणारा स्वतःलाही त्यात धरतो.

*

धागा काढणारी मीच पुन्हा. दादा, तुम्ही हे लिहिलंत त्याबद्दल आभार. त्या विहिरीच्या काठाबद्दल मी दिवसभर विचार करतेय. माझ्या कपाटाच्या प्रकरणातही हट्टच आहे. जिन्याचं माप आधी घेऊ या, असं तिसरा म्हणालेला असतो.

*

मी अनुवाद करते. विनोदी कादंबरी इंग्रजीतून मराठीत आणताना दोन गोष्टींनी मला फार शिकवलं, त्या सांगते.

पहिली क्रियापदाची. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे बातमी शेवटपर्यंत मुठीत ठेवता येते. "त्याने ती शिडी अतिशय जपून, दोन्ही हातांनी, सगळ्यांना बाजूला व्हायला सांगून, उघड्या खिडकीला टेकवली." यात 'खिडकी' शेवटाला येईतो वाचणारा भिंत धरून बसलेला असतो. मूळ वाक्यात खिडकी आधीच येऊन गेलेली असेल तर मी वाक्य मोडून पुन्हा रचते. शब्द राखले आणि हसू सांडलं, तर तो अनुवाद माझ्या लेखी चुकलेला असतो.

दुसरी गोष्ट 'अरे-तुरे'ची. इंग्रजीत एकच 'यू'. मराठीत मला ठरवावं लागतं की हे दोघं एकमेकांना काय म्हणतात. मी अनुवाद केलेल्या एका पुस्तकात दोन जिवलग मित्र तंबूच्या दोरीवरून रुसतात. मूळ लेखकाने तिथे लिहिलंय, की दोघं फार सभ्यपणे बोलू लागले. मी त्यांना एकमेकांना 'आपण' म्हणायला लावलं. "आपण दोरी धरता का?" "आपली हरकत नसेल तर." रात्रभर पाऊस, तंबू डोक्यावर आलेला, आणि आतून 'आपण, आपण' चाललेलं. पहाटे एकाचा पाय दुसऱ्याच्या पोटावर पडतो आणि तो ओरडतो, "अरे गाढवा!" भांडण मिटलं हे मराठीत वेगळं सांगावंच लागलं नाही. माझ्या कामातला तो सगळ्यात आनंदाचा दिवस होता.

*

अनुवादक ताई, अगदी खरं. चि. वि. जोशींचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ आठवा. त्या कादंबऱ्या नव्हेत, कथा आहेत, पण सलग वाचल्या की कादंबरीसारखी ओळख होते. दोघांच्या संबोधनांवरूनच कोण कुणाला सांभाळतोय ते कळतं. लिहिणारे जोशी पाली भाषेचे गाढे अभ्यासक होते, हे मला फार उशिरा कळलं. भाषा इतकी बारकाईने ऐकणाऱ्या माणसालाच असे संवाद जमत असतील.

*

मी ग्रंथपाल होतो, आता निवृत्त. लोक विनोदी पुस्तकाला हलकं समजतात, त्याचं मला वाईट वाटतं. सर्व्हान्टेसच्या 'डॉन किहोते' या स्पॅनिश कादंबरीचा पहिला भाग १६०५ चा, दुसरा १६१५ चा. पवनचक्क्यांशी लढाई सगळ्यांना ठाऊक असते, पण ती पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच संपते. उरतं ते स्वतःला सरदार समजणारा किहोते आणि त्याचा सेवक सांचो यांचं चालता चालता केलेलं बोलणं. दुसऱ्या भागात सांचोला खरोखर एका जागेचा कारभारी नेमतात. तो न्यायनिवाडे चांगले करतो, हैराण होतो, आणि एके दिवशी तबेल्यात जाऊन आपल्या गाढवाच्या कपाळाचा मुका घेतो, खोगीर चढवतो आणि मालकाकडे परत निघतो. इतक्या थोर पुस्तकाचा मला आवडणारा क्षण हाच. एवढी पानं दोघांबरोबर चालल्याशिवाय तो मुका कळत नाही. कादंबरीची लांबी लागते ती यासाठीच.

आणि एक पाहिलेलं सांगतो. वाचनालयात परत आलेल्या विनोदी कादंबऱ्यांची बांधणी बहुतेक वेळा एकाच जागी खिळखिळी झालेली असायची. तिथून पुस्तक आपोआप उघडायचं. इतक्या अनोळखी लोकांनी तेच पान कुणाला तरी वाचून दाखवलेलं असायचं.

*

ग्रंथपाल काकांनी बांधणीचा विषय काढला म्हणून लिहितोय, नाहीतर नुसताच वाचणार होतो.

शिकत असताना आम्ही चौघं एका खोलीत राहायचो. चौघांत एक विनोदी कादंबरी मिळाली, आणि दुसरी प्रत घ्यायची ऐपत नव्हती. एकाने वाचायला घेतली की तो एकटाच हसायचा आणि बाकीच्यांना झोप लागायची नाही. शेवटी एका रात्री आम्ही तिचे पाठीवरून चार भाग केले. ब्लेडने, शिवण बघून, अगदी हळू. कोण कुठला भाग आधी वाचणार याच्या चिठ्ठ्या टाकल्या. मला पहिल्यांदा शेवटचा भाग आला. त्यामुळे शेवट मला आधी माहीत, आणि पुढचे आठ दिवस तोंड बंद ठेवायचं, हा त्या खोलीतला सगळ्यात कठीण काळ.

खोली सोडताना प्रत्येकाने एक भाग ठेवला. माझ्याकडे दुसरा. नंतर चौघं चार दिशांना गेलो, पण फोन केला की ज्याचा फोन त्याने आपल्या भागातलं एक पान वाचायचं, हे पुष्कळ वर्षं चाललं. मग कमी होत गेलं. तिसऱ्या भागाच्या धन्याशी तर माझं एका क्षुल्लक गोष्टीवरून बोलणंच थांबलं. त्याने दोनदा फोन केला होता, मी उचलला नाही. हे मी इथे पहिल्यांदाच कुठेतरी लिहितोय.

गेल्या वर्षी तो गेला. महिनाभराने त्याच्या मुलीने टपालाने एक पाकीट पाठवलं. आत तिसरा भाग होता, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेला, कोपरे सरळ केलेले. आम्ही ब्लेड चालवलं तेव्हा शिवण बघितली होती, वाक्य बघितलं नव्हतं. माझा भाग वाक्याच्या मधोमध संपतो : दिवा विझलाय, कुणीतरी अंधारात विचारतंय, "अरे, पण माझा हात धरलाय तो" आणि पान संपतं. इतकी वर्षं मी तिथेच थांबत आलो. त्याच्या भागाचं पहिलं पान उघडलं. वर दोनच शब्द, "कुणी रे?" आणि समासात त्याच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने माझं नाव.