प्लांटेड टँकला (जिवंत झाडं लावलेल्या फिश टँकला) खत कोणतं नि किती? ठिबकचं १९:१९:१९ टाकलं तर चालेल का

जळगावचा_टँकवाला

राम राम मंडळी. तीन फुटी टँक आहे, वाळू दगड धरून खरं पाणी १०० लिटरच्या आसपास असेल. सीओटू (झाडांसाठी कार्बन डायऑक्साइड) सिलेंडर नाही, साधा एलईडी आठ तास. झाडं म्हणजे अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट आणि मागे व्हॅलिस्नेरिया. मासे गप्पी नि मोली, थोडे चेरी श्रिंप (छोटी लाल कोळंबी). पाणी बोअरचं, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ७०० च्या पुढे जातो म्हणून अर्धं आरओचं मिसळतो, तरी पीएच ८ च्या खाली येत नाही.

प्रॉब्लेम असा की जावा फर्नच्या जुन्या पानांना बारीक छिद्रं पडून राहिलीत, क्रिप्टचं नवीन पान फिकट पिवळं येतं आणि अनुबियासवर कडक हिरवे ठिपके, नखाने खरवडले तरी निघत नाहीत. बाटलीतलं लिक्विड खत ऑनलाइन मागवायचं तर दर महिन्याला परवडत नाही. कृषी केंद्रवाला म्हणतो १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश प्रत्येकी १९ टक्के) घेऊन जा, सगळं त्यात आहे. टाकू का? आणि रुटीन नेमकं कसं ठेवायचं, रोज की आठवड्यातून एकदा?

केळी_आणि_गप्पी (रावेर)

१९:१९:१९ अजिबात टाकू नको भाऊ. केळीला आम्ही ठिबकमधून तेच सोडतो, जमिनीत ते उत्तम आहे, पण त्यातलं नत्र कोणत्या रूपात आहे ते पुडीच्या मागे वाच. त्यातलं १०.५ टक्क्यांपर्यंत युरिया, ४.५ पर्यंत अमोनिया आणि नायट्रेट फक्त ४. युरियाचासुद्धा पाण्यात अमोनियाच होतो, आणि तुझा पीएच ८, पीएच जेवढा जास्त तेवढा त्यातला विषारी रूपातला भाग वाढतो. श्रिंप आधी जातील मग गप्पी. १२:६१:० पण नको, ते अमोनियम फॉस्फेट आहे.

त्याच दुकानात तुझ्या कामाचं सगळं मिळतं, फक्त वेगवेगळं घ्यायचं. १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, ०:५२:३४ म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, ०:०:५० म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅश. एक्वेरियमवाले ड्राय खत म्हणून जे विकतात ते हेच क्षार. पांढरं, पाण्यात पूर्ण विरघळणारं ठिबकचं ग्रेड माग, बिनरंगी. एक एक किलोची पुडी येते, १०० लिटरच्या टँकला ती वर्षानुवर्षं संपत नाही, ओल लागू द्यायची नाही एवढंच.

आता हिशेब नीट बघ, इथे बरेच जण गडबडतात. पुडीवरचे आकडे सरळ पोटॅशियम नि फॉस्फरसचे नसतात, ऑक्साइडच्या रूपात मोजलेले असतात. १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम १३:०:४५ टाकलं की नायट्रेट जवळपास ६ पीपीएम (म्हणजे लिटरला ६ मिलिग्रॅम) नि पोटॅशियम पावणेचार पीपीएम वाढतं. १ ग्रॅम ०:०:५० ने पोटॅशियम ४ पीपीएम. १ ग्रॅम ०:५२:३४ ने फॉस्फेट तब्बल ७ पीपीएम, म्हणून ते चिमटीने टाकायचं नाही, सोल्यूशन करूनच.

धुळे_लोटेक

रावेरच्या भाऊंचं क्षारांबद्दल शंभर टक्के बरोबर, पण तिन्ही क्षार आणले म्हणून तिन्ही टाकायचेच असं नाही. यूट्यूबवर बघून लोक सरळ ईआय (एस्टिमेटिव्ह इंडेक्स) पद्धत लावतात, ती टॉम बार यांची, तिच्यात सगळं मुद्दाम जास्तच द्यायचं आणि दर आठवड्याला ५० टक्के पाणी बदलून जादा झालेलं काढून टाकायचं. ती भरपूर लाइट नि सीओटू असलेल्या टँकसाठी आहे. सीओटू नसलेल्या टँकमधली झाडं हळू वाढतात, त्यांना तेवढं खायलाच लागत नाही, आणि तुझ्याकडे गप्पी मोली म्हटल्यावर नत्र माशांच्या खाण्यातून येतंच. आधी नायट्रेट टेस्ट कर. १० ते २० च्या दरम्यान आलं तर १३:०:४५ ची पुडी बंदच ठेव.

छिद्रं जुन्या पानांना आहेत म्हणून पहिला संशय पोटॅशियमचा. (पानाच्या मागे ओळीत तपकिरी फुगीर ठिपके असतील तर ते जावा फर्नचे बीजाणू, तो रोग नाही.) नवीन पान फिकट म्हणजे लोह. बोअरच्या पाण्यात इथे लोह टिकत नाही हा आपल्या खान्देशातला नेहमीचा त्रास, कारण साधं ईडीटीए चिलेट (लोहाला विरघळलेलं धरून ठेवणारं संयुग) पीएच साडेसहाच्या वर सुटायला लागतं. डीटीपीए सात साडेसातपर्यंत बऱ्यापैकी धरतं, म्हणून तेच घ्यायचं पण थोडं थोडं, आठवड्यातून दोनदा. ईडीडीएचए सगळ्यात टिकाऊ, पण पाणी लालसर करतं, मला ते काचेच्या टँकमध्ये बघवत नाही. आणि अनुबियासवरचे ठिपके म्हणजे बहुतेक लाइट जास्त नि फॉस्फेट कमी. लाइट सहा तासावर आण आधी.

जळगावचा_टँकवाला

टेस्ट केली, नायट्रेटचा रंग २० च्या जवळ आला, फॉस्फेटचं किट नाही माझ्याकडे. म्हणजे १३:०:४५ सध्या नको ना? आणि दुकानात मायक्रोन्यूट्रिएंट ग्रेड टू म्हणून स्वस्तात मिळतं, त्यात लोह जस्त तांबं बोरॉन सगळं आहे, ते लोहाऐवजी चालेल का, डीटीपीए इथे दोन दुकानात विचारलं तर नाही म्हणाले.

केळी_आणि_गप्पी (रावेर)

ना भो, ग्रेड टू पानांवर फवारायचं आहे. तुला लोह पाहिजे आणि त्यात जस्त नि तांबं भरपूर, आणि तांबं म्हणजे श्रिंपचा काळ. डीटीपीए लोह ११ टक्केवालं मोठ्या कृषी केंद्रात विचार, ठिबकचं विद्राव्य खत जिथे जास्त खपतं तिथे. सावदा रावेरकडे केळीमुळे सहज मिळतं, तुझं येणं होत असेल तर मी पाव किलो बाजूला काढून ठेवतो.

आता तुझ्या १०० लिटरला माप सांगतो. तीन वेगळ्या बाटल्या, प्रत्येकीत अर्धा लिटर आरओचं पाणी. पहिलीत २५ ग्रॅम ०:०:५०, तिचे २० मिली म्हणजे १ ग्रॅम, पोटॅशियम ४ पीपीएम. हे आठवड्यातून एकदा, पाणी बदललं की. दुसरीत ५ ग्रॅम ०:५२:३४, तिचे १० मिली म्हणजे फॉस्फेट ०.७ पीपीएम, तेही आठवड्यातून एकदा. तिसरीत ५ ग्रॅम डीटीपीए लोह, १० मिलीने ०.१ पीपीएमच्या थोडं वर, ते अर्धं अर्धं करून दोनदा. फॉस्फेट आणि लोह एका बाटलीत नाही आणि एकाच दिवशीही नाही, दोघं मिळून गाळ बसतो आणि दोन्ही वाया जातं. ठिबकच्या टाकीत कॅल्शियम नायट्रेट नि फॉस्फेट एकत्र टाकलं की जो चोथा होऊन ड्रिपर चोंदतात ना, तसंच. कॅल्शियम तुला वेगळं द्यायचंच नाही, बोअरच्या पाण्यात ते गरजेपेक्षा जास्त आहे.

धुळे_लोटेक

माप ठीक वाटतं. साचण्याचा हिशेब पण करून ठेव म्हणजे भीती राहत नाही. दर आठवड्याला पाव पाणी बदललं आणि झाडांनी काहीच खाल्लं नाही तरी एखादं खत आठवड्याच्या डोसच्या चौपटीपलीकडे साचूच शकत नाही, अर्धं बदललं तर दुपटीपलीकडे नाही. म्हणजे पोटॅशियम जास्तीत जास्त १६ पीपीएम, त्याने माशाला काही होत नाही. फॉस्फेटही २.८ च्या वर जात नाही.

एक मात्र लक्षात ठेव, आता मार्च लागला की जळगाव भुसावळकडचं ऊन तुला माहितीच आहे, मे मध्ये बाहेर ४५ आणि टँकचं पाणी ३२ च्या वर. पाणी भराभर उडतं, क्षार मागेच राहतात. कमी झालेलं पाणी फक्त आरओनेच भरायचं, बोअरने भरत राहिलास तर टीडीएस चढतच जाईल. वर छोटा फॅन लाव, पाणी दोन तीन डिग्री उतरतं. त्या दिवसात क्रिप्टची पानं विरघळली तर घाबरून खत वाढवू नको, मुळं उपटू नको, फुटवा परत येतो.

आणि बदल बघायचा तो नवीन पानांवर. जुन्या पानांची छिद्रं कधीच भरत नाहीत, ती पानं कापून टाक.

जळगावचा_टँकवाला

मनापासून धन्यवाद दोघांना, एवढं खुलासेवार कोणी सांगत नाही. लाइटचा टायमर सहा तासावर केला. ०:०:५० उद्याच आणतो, पहिले पंधरा दिवस फक्त पोटॅशियम, मग लोह, म्हणजे कशाने काय झालं ते कळेल. रावेरच्या भाऊ, रविवारी सावद्याला लग्न आहे, लोहाची पुडी घ्यायला येऊ का?

केळी_आणि_गप्पी (रावेर)

ये ना भाऊ, बठ्ठं ठीक व्हई जाई. येताना वॅलिस्नेरियाचे दोन चार धुमारे ओल्या पेपरात गुंडाळून आण, माझ्याकडची संपली.