पत्रिकेवर 'प्रेक्षागृह' की 'प्रेक्षकगृह'?

जत्रेकार
आमच्या गावच्या काल्याच्या, म्हणजे देवळाच्या जत्रेतल्या, नाटकाची पत्रिका. मी खाली एक ओळ घातली होती: 'प्रेक्षागृहात मोबाईल बंद ठेवावेत.' प्रेसवाल्यानं न विचारता 'प्रेक्षकगृहात' करून प्रूफ पाठवलं. वर फोन करून सांगतो, "मास्तर, तुमचा एक 'क' राहिला होता, घातला."

राहिला नव्हता हो! 'प्रेक्षा' म्हणजे पाहणं. प्र अधिक ईक्ष्. याच ईक्ष् धातूपासून परीक्षा, प्रतीक्षा, अपेक्षा, उपेक्षा आल्या. प्रेक्षा जिथं होते ते प्रेक्षागृह. परीक्षेच्या हॉलला कोणी 'परीक्षकगृह' म्हणतं का? नाट्यशास्त्राच्या दुसऱ्या अध्यायात भरतानं हाच शब्द वापरलाय. माझ्या मते 'प्रेक्षकगृह' ही चूक आहे, आणि आता ती वर्तमानपत्रांतही रुळत चाललीय.

पिटातली
चूक कशी? अतिथीगृह, बालगृह, विद्यार्थीगृह हे सगळे माणसांवरूनच झालेले शब्द. प्रेक्षकांचं गृह ते प्रेक्षकगृह. षष्ठी तत्पुरुष, शाळेत शिकलोय. तुमचा शब्द जुना आहे म्हणून दुसरा चुकीचा ठरत नाही.

जत्रेकार
अतिथी तिथं राहतात, बाय. प्रेक्षक तिसरा अंक संपला की घरी जातात. म्हणून वाचनालय म्हणतो, वाचकालय नाही, भोजनगृह म्हणतो. तिथं काय घडतं ते महत्त्वाचं.

पिटातली
आमच्या काल्याला या, पहाटेपर्यंत राहतात. चादरी घेऊन येतात!

मांडवीकाठ
भरताचा आधार घेताय तर पुरता घ्या. त्याचं प्रेक्षागृह म्हणजे अख्खी इमारत: रंगपीठ आणि रंगशीर्ष हे रंगमंचाचे भाग, नटांच्या तयारीचं नेपथ्य, सगळं धरून. माणसांसाठी त्यानं 64 हात लांब, 32 हात रुंद असं माप दिलं; त्यातला अर्धा भाग बसणाऱ्यांचा, अर्धा नटांचा. आज आपण 'प्रेक्षागृहात अंधार झाला' म्हणतो तेव्हा फक्त खुर्च्यांचा भाग म्हणतो. म्हणजे तुमचा 'शुद्ध' शब्दसुद्धा निम्म्यावर आलाय.

ग्रीकांचं नेमकं उलट झालं. 'थेआट्रॉन' म्हणजे पाहण्याची जागा, मुळात फक्त प्रेक्षकांच्या बैठकीचा भाग. नाच-गाण्याच्या वर्तुळाला 'ऑर्केस्ट्रा' म्हणत, मागच्या खोपटाला 'स्कीनी'. पुढं थेआट्रॉन वाढत वाढत अख्खं थिएटर झालं. आणि आपल्याकडं पोर्तुगीज 'तेआत्र'वरून तियात्र, म्हणजे गोव्याचं कोंकणी नाटक, आला तेव्हा जागा गळाली, खेळच उरला. 1892 साली मुंबईत पहिला तियात्र झाला तेव्हापासून गोंयकार तियात्राला जातो. तियात्र कुठं आहे हे वेगळं विचारावं लागतं.

तंबोरा
सगळे पाहण्याचंच बोलताय. रोमनांचा 'ऑडिटोरियम' ऐकण्यावरून आलाय. आणि आमचे आजोबा नाटक 'ऐकायला' जायचे. पद आवडलं की वन्समोअर, नट कसा दिसतो याचं कोणाला पडलं होतं? मंगेशीच्या दीनानाथांच्या गोव्यात 'प्रेक्षा' हा शब्द मला अपुरा वाटतो. 'श्रोतृगृह' म्हणा.

मांडवीकाठ
'श्रोतृगृह' म्हणून बघा तीनदा, दात पडतील. शिवाय भरतानं कान सोडलेला नाही. नाट्यमंडप डोंगरातल्या गुहेसारखा, वारा न खेळणारा बांधा म्हणतो, आवाज भरदार घुमावा म्हणून. आणि मापापेक्षा मोठा बांधू नका, नाहीतर शब्द विरतात, चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत. डोळा-कान दोन्ही एकाच नियमात. हे वाचून मला आपल्या काही नव्या हॉलांची आठवण होते. शेवटच्या रांगेत ना दिसत, ना ऐकू येत. त्यांना कुठलं गृह म्हणायचं?

पिटातली
पार्किंगगृह.

डिचोलकार
प्रेक्षक-श्रोते हा भेद मुळात इमारतीनं आणला. धालो हा बायकांचा लोकनाच; त्याच्या मांडावर, म्हणजे गावातल्या ठरलेल्या मोकळ्या जागेवर, त्या समोरासमोर रांगा धरून गातात, तिथं प्रेक्षक कोण? शिगम्याच्या, म्हणजे आपल्या होळीच्या सणाच्या, मांडावर नमन होतं ते देवासाठी. जागा पवित्र, चपला काढून जायचं. 'मांड' हा आपला शब्द असताना संस्कृत कशाला उकरताय?

जत्रेकार
मांड मला प्रिय आहे, पण तिकीट लावून तीन अंकी संगीत नाटक करतो त्या जागेला मांड म्हणणं मांडालाच कमीपणा. तिथं बघे नसतात हे तुम्हीच म्हणालात. पणजीच्या कला अकादमीत दीनानाथ मंगेशकर कलामंदिराच्या भिंतींवर तर व्यंगचित्रकार मारियो मिरांडांनी रंगवलेले प्रेक्षक बसलेत. नाट्यस्पर्धेत खुर्च्या रिकाम्या असल्या तरी ते हलत नाहीत.

पिटातली
बघा! माणसं राहतात म्हटलं ना. तेवढ्यापुरतं तरी प्रेक्षकगृह मान्य करा.

तंबोरा
एक विचारू? हे नाटक आहे कुठं? फोंड्याच्या कलामंदिरात?

जत्रेकार
नाही, देवळासमोर. मांडव घालतोय.

तंबोरा
मग गृह कुठलं आलं?

जत्रेकार
...प्रूफ परत पाठवतो. 'मांडवात मोबाईल बंद ठेवावेत.' पण परीक्षकगृहाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.