काकांनी मस्कतहून आणलेला ॲम्प जळलाय, दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा?

कुडाळकर:
मंडळी, मत हवंय, पण माझं आधीच सांगून टाकतो, माझ्या मते दुरुस्तच करायला पाहिजे. १९९५ ला काका मस्कतहून सुट्टीला आले तेव्हा बॅगेत कपड्यांच्या मधे गुंडाळून हा टू चॅनल ॲम्प (गाडीच्या स्पीकरना ताकद देणारा ॲम्प्लिफायर) आणला होता, जपानी, चॅनलला ५५ वॉटचा. आधी त्यांच्या एस्टीममधे होता, नंतर माझ्या गाडीत आला आणि परवापर्यंत एक तक्रार नव्हती. गेल्या महिन्यात एका दुकानात नवीन वूफर (खर्जाचे मोठे स्पीकर) बसवून घेतले (नाव घेत नाही) आणि तिथल्या पोराने चार-चार ओहमचे दोन वूफर पॅरलल करून ब्रिजवर, म्हणजे दोन्ही चॅनल एकत्र करून, जोडून दिले. म्हणजे झाले दोन ओहम, आणि ब्रिजमधे प्रत्येक चॅनलला त्याच्या निम्मंच दिसतं, म्हणजे एक ओहम! ॲम्पच्या मागे स्पष्ट छापलंय की ब्रिजला ४ ओहमच्या खाली जाऊ नका. वीस मिनिटांत वास, मग धूर, मग बंद.

खोलून बघितलं तर डाव्या चॅनलची सी३२८१ आणि ए१३०२ या आउटपुट ट्रान्झिस्टरची जोडी शॉर्ट, ०.२२ ओहमचा एमिटर रेझिस्टर तडकून उडालेला. सप्लायच्या (बॅटरीचे व्होल्ट वाढवणाऱ्या भागाच्या) चार झेड४४ मॉसफेटपैकी, म्हणजे स्विचसारख्या ट्रान्झिस्टरपैकी, दोन गेलेत आणि त्यांचे गेटचे (कंट्रोलच्या पायाचे) रेझिस्टर असे भाजलेत की रंगाचे पट्टेच उरले नाहीत, व्हॅल्यू काय होती कळायला मार्ग नाही. खाली बोर्ड रुपयाच्या नाण्याएवढा काळा पडलाय. त्याच दुकानात दाखवला तर म्हणाले भंगारात द्या, नवा डी क्लास (कमी वीज खाणारा नव्या पद्धतीचा ॲम्प) घ्या. मला नाही पटत. एकही पार्ट असा नाही जो हाताने काढून बदलता येणार नाही.

ठाणेकर:
भाऊ, भावना समजतात पण मी गाड्यांमधे हेच काम करतो, म्हणून स्पष्ट लिहितो, रोजच्या गाडीत हा ॲम्प परत घालू नका. पहिलं कारण तो काळा डाग. जळलेला बोर्ड म्हणजे कोळसा, आणि कोळशातून करंट जातो. वरून नवे पार्ट लावले तरी खालून लीकेज चालूच राहणार, आज नाहीतर चार महिन्यांनी परत पेटेल, आणि तो टेबलावर नाही, तुमच्या सीटखाली पेटेल.

दुसरं म्हणजे ३२८१ आणि १३०२ बनायचेच बंद होऊन जमाना झाला. बाजारात त्या नंबरचं जे मिळतं त्यातलं बरंचसं नकली, आत एवढीशी चिप असते आणि वरून तोशिबाचं नाव छापलेलं. तिसरं, साधा हिशेब करा. स्पीकरला २०० वॉट द्यायचे तर एबी क्लास (तुमचा जुन्या पद्धतीचा ॲम्प) साधारण ५५ टक्के कामाचा धरला तरी बॅटरीतून ३६० वॉटच्या वर ओढणार, १३.८ व्होल्टला २६ अँपिअर. डी क्लास ८० टक्के धरा, १८ अँपिअरमधे भागतं. उरलेली सगळी उष्णता असते. काकांची आठवण म्हणून शोकेसमधे ठेवा, मी पण ठेवला असता.

सांगलीचा रेडिओवाला:
ठाणेकर, बोर्डाबद्दल तुमचं शंभर टक्के बरोबर, पण त्यावर उपाय नाही असं नाही. कोळसा वाहक असतो म्हणूनच तो ठेवायचा नसतो. ब्लेडने किंवा छोट्या ग्राइंडरने खरवडायचा, खाली स्वच्छ फायबर दिसेपर्यंत, भोक पडलं तरी पडू द्यायचं. मग आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसायचं, मीटर सर्वात वरच्या ओहम रेंजला टाकून त्या भागावर दोन्ही टोकं टेकवून बघायची, काहीच दाखवत नसेल तरच पुढे जायचं. ट्रॅक गेला असेल तर तांब्याची वायर सोल्डर करायची, ती मूळ ट्रॅकपेक्षा जाडच असते. हे मी तीस वर्षं करतोय, माझ्याकडची अशी सेटं अजून चालू आहेत.

कुडाळकर, तुला सांगतो, सर्किट डायग्राम शोधत बसू नकोस. टू चॅनल ॲम्पमधे चांगला चॅनल हाच डायग्राम. डाव्यातला जळलेला रेझिस्टर उजव्यात त्याच जागी बसलेला असतो, पट्टे वाच, मीटरने खात्री कर. सप्लायलाही तेच, चारातले दोन मॉसफेट शाबूत आहेत ना, त्यांच्या गेटचे रेझिस्टर बघ. आणि शाबूत वाटले तरी चारही बदल, धक्का त्यांनीही खाल्लेला असतो.

आणखी एक, मोठ्या कपॅसिटरच्या बुडाशी पिवळट गोंद लावलेला असेल. त्या काळी बऱ्याच मालात तो असायचा. जुना झाला की तपकिरी होतो, करंट वाहू देतो आणि आजूबाजूच्या पायांना गंज चढवतो. निम्म्या जुन्या सेटांमधे दोष तिथेच सापडतो आणि लोक ट्रान्झिस्टर बदलत बसतात. सगळा खरवडून काढ.

नागपूरकर:
मी मधला रस्ता सांगतो. झेड४४ च्या जागी सरळ ३२०५ टाका ना, ४९ अँपिअरच्या जागी ११० अँपिअरचा, परत जळायचा प्रश्नच नाही. आउटपुटलाही त्यापेक्षा मोठं काहीतरी बसवा.

सांगलीचा रेडिओवाला:
नको रे बाबा, याच चुकीने दुरुस्त केलेले ॲम्प परत माझ्याकडे येतात. ३२०५ चा गेट चार्ज झेड४४ च्या दुपटीहून जास्त आहे. मॉसफेटचा गेट म्हणजे छोटी टाकी समज, ती दर वेळी भरायची आणि रिकामी करायची. मूळ ड्रायव्हर लहान टाकीच्या हिशेबाने बनवलाय, तो मोठी टाकी वेळेत भरू शकत नाही, मॉसफेट अर्धवट उघडा राहतो आणि गरम होतो. मोठा अँपिअर घालून उलट लवकर जातो. जिथे झेड४४ होता तिथे झेड४४ एनच. आउटपुटला सी५२०० आणि ए१९४३ ही जोडी जुन्याच्या जागी बसते, पण एकच बदलायचा नाही, त्या चॅनलचे दोन्ही, आणि घेताना मोठ्या अधिकृत वितरकाकडून बिलासकट.

ठाणेकर:
बिलाचा मुद्दा मान्य. पण रेडिओवाले काका, हे सगळं करायला तुमच्यासारखा माणूस लागतो, त्यांच्या गावात कोण आहे? ज्याला येतं तो नीट करेल, ज्याला येत नाही तो पहिल्यांदा पॉवर देताना सगळे नवे पार्ट एका सेकंदात उडवेल. मी हे डोळ्यांनी बघितलंय, गिऱ्हाईक मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून पिशवीभर पार्ट आणतो, बसवतो, थेट बॅटरीला जोडतो आणि फट्! मग परत तीच पिशवी. पैसा, वेळ, आणि आता बोर्डही मूळच्यापेक्षा वाईट.

सांगलीचा रेडिओवाला:
थेट बॅटरीला जोडायचंच नाही. गाडीच्या हेडलाइटचा १२ व्होल्ट ५५ वॉटचा बल्ब प्लसच्या वायरीत सिरीजमधे घालायचा. आत कुठे शॉर्ट राहिला असेल तर बल्ब लखलखतो, करंट साधारण पाच अँपिअरच्या वर जात नाही आणि नवे पार्ट वाचतात. बल्ब क्षणभर चमकून विझला तर समज ठीक आहे. त्या आधी आउटपुट सेक्शन वेगळा करून फक्त सप्लाय चालवायचा. सप्लाय चालवणाऱ्या टीएल४९४ आयसीच्या १४ नंबर पायावर ५ व्होल्ट आले की आयसी जिवंत. मग गेटवर पल्स येतात का बघायचं. हे सगळं झाल्याशिवाय आउटपुट जोडायचं नाही. इतकं साधं आहे, फक्त घाई नको.

अभ्रक विसरू नका. ट्रान्झिस्टरची पाठ कलेक्टरला जोडलेली असते आणि समोर ॲल्युमिनियमची बॉडी, मधे अभ्रकाचा पातळ तुकडा आणि पेस्ट. त्यावर ड्रिलचा एक लोखंडी कीस राहिला तरी तो अभ्रक फाडतो आणि कलेक्टर बॉडीला टेकतो. बसवल्यावर प्रत्येक ट्रान्झिस्टरचा कलेक्टर ते हीटसिंक मीटरने तपासायचा, सगळ्यांचा.

पुणे ३०:
मला ठाणेकरांचं पटतं. आजचा डी क्लास हातात मावतो आणि थंड राहतो. सरासरी माणसाला आवाजातला फरक कळत नाही. आणि जुन्या ॲम्पला परवापर्यंत तक्रार नव्हती हे खरं, पण तीस वर्षांच्या कपॅसिटरना आता काय म्हणायचं?

कुडाळकर:
कपॅसिटर सगळे बदलतोच आहे, तो वादच नाही. आवाजाचं म्हणाल तर मीही दावा करत नाही की हा नव्यापेक्षा चांगला वाजतो. माझा मुद्दा वेगळा आहे. आजच्या ॲम्पमधे बारीक पार्ट असे चिकटवलेले असतात की एक गेला तर कोणी हात लावत नाही, बोर्डच बदला म्हणतात. आणि यात दोनशे-अडीचशे पार्टांतले सात गेलेत. सात पार्टांसाठी आख्खी वस्तू कचऱ्यात? काकांनी ती दोन हजार किलोमीटरवरून आणली होती.

आज रविवारी बसलो होतो. काळा भाग खरवडला, भोक पडलंच, वाटाण्याएवढं. आयपीएने पुसला, मीटरवर काही नाही. गोंद निघाला आणि रेडिओवाले काका म्हणाले तसंच, एका कपॅसिटरच्या पायाला हिरवा गंज. सप्लायचे नवे मॉसफेट लावले, आउटपुट वेगळं करून फक्त सप्लाय बल्बवर चालवला. बल्ब एकदा लुकलुकला आणि विझला. १४ नंबर पायावर ४.९८. प्लस आणि मायनस २८ व्होल्ट दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखे! जागेवरून उठून बायकोला बोलावलं, तिला काही कळलं नाही पण ती पण खूश झाली.

ठाणेकर:
मनापासून अभिनंदन. माझं मत बदललेलं नाही, रोजच्या गाडीत नको असंच म्हणेन, पण घालणारच असाल तर ऐका. फ्यूज बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, ॲम्पजवळच्या फ्यूजच्या भरवशावर राहू नका, मधली वायर कापली गेली तर तो काही करत नाही. वायर खरी तांब्याची घ्या, वरून तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची नको, तिच्यातून करंट तांब्याच्या दोन तृतीयांशच जातो. आणि वूफर एका चॅनलला एक, ब्रिज विसरा.

सांगलीचा रेडिओवाला:
हे पण लिहून ठेव. आउटपुट बसवल्यावर बल्ब तसाच ठेवून बायस (आवाज नसताना वाहणारा करंट) लाव, एमिटर रेझिस्टरवर १० मिलिव्होल्ट, म्हणजे ४५ मिलिअँपिअर झाले. स्पीकर जोडू नकोस. अर्धा तास चालू ठेव, बॉडी कोमट झाली की परत मोज, वर गेला असेल तर थोडा कमी कर. स्पीकरच्या टर्मिनलवर डीसी ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच वूफर लाव, आणि आधी एखादा जुना फुटका स्पीकर लाव, चांगला नको.

कुडाळकर:
फुटका स्पीकर आहे, माळ्यावर. आउटपुटचे पार्ट बुधवारपर्यंत येतील.