राहतं घर आणि घरापुरती शेती: दोन जमिनींपैकी कोणती घ्यावी?

ओंजळ

नमस्कार. मी, नवरा, दोन मुलं आणि सासूबाई असे आम्ही पाच जण. भाजी, फळं, अंडी आणि एका गाईचं दूध एवढं घरचं असावं आणि कायमचं राहणंही तिथेच असावं, असं ठरवून जमीन शोधतोय. बरंच पाहून झाल्यावर दोन जागा उरल्यात. दोन्ही साधारण दोन एकर.

पहिली ओढ्याकाठची, सपाट. माती काळीभोर, मऊ, हातात घेतली की सोडवत नाही. आम्ही गेलो तेव्हा ओढा वाहत होता. गाडी थेट जमिनीपर्यंत जाते, पण शेवटचा टप्पा शेजाऱ्यांच्या शेतातून आहे. मालक म्हणतात, "आम्ही वर्षानुवर्षं इथूनच ये-जा करतो, कुणी अडवत नाही."

दुसरी टेकडीच्या उतारावर. तांबूस, खडेवाली माती. वरच्या अंगाला जुनी गोल विहीर, पाणी बरंच खाली. सार्वजनिक रस्ता हद्दीला लागूनच आहे. सासूबाईंना ही आवडली, नवऱ्याला पहिली. माझंही मन त्या काळ्या मातीकडे ओढतं, पण साठवलेली सगळी पुंजी एकदाच घालायची आहे. तुम्ही असतात तर आधी काय पाहिलं असतंत?

पाणवठा

ताई, तुम्ही या जागा कुठल्या महिन्यात पाहिल्यात ते लिहिलं नाही, आणि माझा पहिला प्रश्न तोच आहे. विहिरी आणि पंपांच्या कामात माझी हयात गेली. पाऊस संपल्या संपल्या सगळ्याच जमिनी सुंदर दिसतात. जमीन पाहायची ती कोरड्या दिवसांच्या अगदी शेवटी, पुढचा पाऊस तोंडावर आला असताना.

आधी गरज मांडा. माणशी रोज 100 लिटर धरले तर पाच जणांचे 500. दुभत्या गाईला उन्हाच्या दिवसांत प्यायला आणि धुवायला मिळून 100 धरा. भाजीचे वाफे 200 चौरस मीटर असतील आणि रोज 5 मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं, तर ते 1,000 लिटर होतात. एकूण 1,600. आकडा मोठा वाटतो, पण चोवीस तास चालणारी मिनिटाला सव्वा लिटरची धारसुद्धा एवढं पाणी देते. म्हणजे बारीक झराही पुरतो. मात्र तो कडक उन्हाळ्यातही आटता कामा नये, आणि रात्रीचं पाणी साठवायला टाकी हवी. फळझाडांचा हिशोब मी यात धरलेला नाही. पहिली काही वर्षं त्यांनाही पाणी लागेल.

दुसऱ्या जागेची विहीर उपसून बघा. विहिरीत दिसतं ते साठलेलं पाणी. झरे किती जिवंत आहेत ते उपसल्यावरच कळतं. समजा विहिरीचा व्यास 4 मीटर आहे. मग पाण्याच्या प्रत्येक मीटर उंचीमागे साधारण 12,500 लिटर येतात. संध्याकाळी उपसा थांबवून पातळीवर खूण करा आणि बारा तासांनी पुन्हा मोजा. पातळी 20 सेंटिमीटर चढली असेल तर 2,500 लिटर आले. कोरड्या हंगामाच्या शेवटी हे जमत असेल, तर घर, गाय आणि भाजी यांचं भागेल. विहीर वरच्या अंगाला आहे हेही मला आवडलं. टाकी नळापेक्षा 10 मीटर उंच ठेवली की जवळपास 1 बार दाब आपोआप मिळतो. दिवसातून एकदा पाणी टाकीत चढवलं की घरापर्यंत ते स्वतःच्या वजनाने उतरतं.

आता ओढ्याकाठची. एवढी खोल, सपाट, काळी माती तिथे आली कुठून, याचा विचार करा. बहुतेक ओढ्यानेच ती पुरात आणून टाकली असणार, आणि तो पुन्हा येईल. काठच्या झाडांच्या फांद्यांत किंवा कुंपणाच्या तारांत वाळकं गवत, काड्या, प्लास्टिक अडकलंय का आणि किती उंचीवर, ते बघून या. तीच पुराची पातळी. त्या रेषेखाली भाजी लावा, पण घर, गोठा आणि शौचालयाचा खड्डा त्यात येऊ देऊ नका.

पाणी कुठलंही असो, व्यवहाराआधी प्रयोगशाळेत तपासून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा अशा: नायट्रेट लिटरमागे 50 मिलिग्रॅम, फ्लोराइड 1.5 आणि आर्सेनिक 0.01. जंतू उकळून मरतात. हे तीन उकळून जात नाहीत, उलट पाणी आटलं की त्यांचं प्रमाण वाढतं. तुमच्या घरात लहान मुलं आहेत म्हणून जोर देऊन सांगतोय.

हद्दखूण

काकांनी पाण्याचं सविस्तर लिहिलंय, मी वाटेबद्दल लिहिते. मी वकील आहे आणि जमिनींचेच दस्त पाहते.

"कुणी अडवत नाही" ही आजच्या शेजाऱ्यांची मेहरबानी आहे, तुमचा हक्क नव्हे. ते शेत विकलं गेलं किंवा भावाभावांत वाटलं गेलं, की नवा माणूस फाटक घालू शकतो. दीर्घ वापरातून हक्क मिळतोही, पण तो कोर्टात सिद्ध करण्यात वर्षं जातात. शेजारी खरंच राजी असतील तर त्यांनी नोंदणीकृत लेख करून द्यावा. त्यात वाटेची जागा नकाशावर दाखवलेली असावी, रुंदी लिहिलेली असावी, आणि पायी, बैलगाडी, मोटार, मालाचा ट्रक, पाण्याची पाइपलाइन, विजेची तार यांतलं काय काय चालेल ते वेगवेगळं नमूद असावं. तो लेख त्यांच्यानंतरच्या मालकांवरही बंधनकारक आहे, हे वाक्य विसरू नका. घर बांधताना विटा-सिमेंटचा ट्रक येईल तेव्हा या ओळींची किंमत कळते. ते लिहून द्यायला तयार नसतील, तर मी ती जमीन घेऊ देणार नाही.

मोजणी पूर्ण रक्कम देण्याआधी करून घ्या. कुंपण असतं तिथेच हद्द असते असं नाही. विकणाऱ्यांच्या घरात वाटण्या झाल्यात का, सगळे वारस सही करणार का, जमीन कुठे गहाण आहे का, हे तुमच्या वकिलाने तपासावं, त्यांच्या नव्हे. आणि त्या जागेवर घर बांधायची परवानगी मिळते का, हे संबंधित कार्यालयातून लेखी घ्या. शेतजमीन विकत मिळाली म्हणजे तिथे राहतं घर बांधता येतंच असं नसतं.

रानवाट

मी मातीच्या बाजूने बोलतो. 1950 च्या दशकात ऑस्ट्रेलियात पी. ए. योमन्स यांनी शेताची आखणी करताना एक क्रम सांगितला होता: हवामान, जमिनीची ठेवण, पाणी, रस्ते, झाडं, इमारती, कुंपणं आणि शेवटी माती. जे बदलणं सगळ्यांत अवघड ते आधी. मला तो क्रम मान्य आहे, आणि त्या हिशोबाने तुमची दुसरी जागा पुढे जाते. पण "माती काय, सुधारता येते" हे लोक सरसकट म्हणतात, ते मला पटत नाही. कस वाढवता येतो. खोली वाढवता येत नाही.

म्हणून उतारावर तीन-चार ठिकाणी मीटरभर खोल खड्डे घ्या. फूटभरावर सलग कातळ लागला तर फळझाडं विसरा. मुरूम लागला आणि पहार आत जात असेल, तर मुळंही वाट काढतील. काळ्या जमिनीतही खड्डा घ्याच. खाली राखाडी-निळसर पट्टे दिसले तर तिथे पाणी तुंबून राहतं.

दोन्हीकडची माती काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा भरा, वर पाणी आणि चिमूटभर भांडी घासायची पावडर घालून जोरात हलवा. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमातीला दिवस लागतो, कधी जास्तही. थर पट्टीने मोजा.

शेवटची गोष्ट फार थोडे जण करतात. दोन्ही मातींत कुंड्यांमध्ये घेवडा पेरा आणि तीन आठवडे वाढू द्या. पानं वाटीसारखी वळली, शेंडे पिळवटले, तर मातीत तणनाशकाचा अंश असू शकतो. ॲमिनोपायरॅलिडसारखी काही तणनाशकं गवतातून जनावराच्या पोटात जाऊन शेणखतातूनही जिवंत बाहेर पडतात. बाहेरचं शेणखत आणाल तेव्हाही हीच परीक्षा करा.

ओंजळ

काका, तुमचा अंदाज बरोबर आहे, दोन्ही जागा आम्ही पाऊस संपताच पाहिल्या होत्या. काल पुन्हा ओढ्यावर जाऊन आलो. काठच्या झाडांत माझ्या खांद्याच्या उंचीवर वाळकं गवत अडकलेलं आहे. मालकांनी घर बांधायला दाखवलेली जागा त्याहून खालीच आहे. शेजाऱ्यांना वाटेचं विचारलं, तर ते बोलायला फार चांगले, पण "लिहून कशाला हवं" म्हणाले. पहिली जागा आम्ही सोडली. नवऱ्याला वाईट वाटलं, मलाही.

दुसऱ्या मालकांनी खड्डे घ्यायला आणि उन्हाळ्यात विहीर उपसायला होकार दिलाय. तोवर ते थांबायला तयार आहेत, पण थोडी रक्कम आगाऊ मागतायत. द्यावी का?

हद्दखूण

द्या, पण लेखी करारावर आणि बँकेतूनच. विहिरीला ठरलेलं पाणी लागलं नाही, मोजणीत क्षेत्र कमी भरलं किंवा घराची परवानगी नाकारली गेली, तर पूर्ण रक्कम किती दिवसांत परत, हे त्यात लिहून घ्या. "ठरलेलं पाणी" म्हणजे बारा तासांत किती लिटर, तो आकडाही करारात घाला.

पाणवठा

आणि मोजायच्या दिवशी मालकांना विहिरीपाशी हजर ठेवा. पातळीची खूण दोघांनी मिळून करा.