मदत हवी आहे: भावाला चार माणसांत बसायला गट कुठे मिळेल?

तापीकाठ
भाऊ 34 वर्षांचा. गोळ्या नियमित चालू, झोप नीट, आवाज ऐकू येणं बंद झालंय. पण दिवसभर घरातच असतो. लग्नकार्यात लोक त्याच्याशी बोलत नाहीत, त्याच्याबद्दल आम्हाला विचारतात. त्याच्यासारख्यांचा गट जवळपास असेल तर पत्ता द्या. डॉक्टर बदला, अमक्या ठिकाणी नेऊन आणा, असले सल्ले नकोत. लवकर सांगा.

मेहरूण
जवळपास म्हणजे कुठे? जळगाव की धुळे? निदान काय आहे? गट त्याला हवाय की तुम्हाला? शुभार्थींचा, म्हणजे आजार असलेल्यांचा, गट वेगळा आणि शुभंकरांचा, म्हणजे घरच्यांचा, वेगळा. दोघांना एकत्र बसवलं की आईवडीलच बोलत राहतात.

सातपुडा_वारा
आधी दिव्यांग प्रमाणपत्र काढा. 2016 च्या कायद्यातल्या 21 प्रकारांत मानसिक आजार आहे. सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. बहुतेक योजनांना 40 टक्के दिव्यांगत्व लागतं. तपासणीत स्वतःची काळजी, लोकांशी संबंध, संवाद आणि काम हे बघतात. घरचे लाजेपोटी 'सगळं स्वतः करतो' सांगतात, मग टक्के कमी भरतात.

तापीकाठ
प्रमाणपत्राचं विचारलं नव्हतं. शहादा. स्किझोफ्रेनिया. गट त्यालाच हवाय.

शुभंकर_धुळे
पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आहे, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था आहे, पण शहाद्याहून दर आठवड्याला जाणं होणार नाही. तिथेच सुरू करा ताई/दादा. पाच-सहा जण पुरेत. जागा वाचनालयाची किंवा शाळेची घ्या, दवाखान्याची नको. तिथे माणूस पेशंट होऊनच बसतो. वेळ दीड तास. सूत्रधार दोन हवेत, कारण कोणी रडत बाहेर गेलं तर एकाला मागे जावं लागतं. इथलं बाहेर सांगायचं नाही, फोटो नाही, दुसऱ्याच्या गोळीचा डोस सुचवायचा नाही, हे पहिल्याच दिवशी ठरवा. घरच्यांनी दाराशी सोडून जायचं.

केळीबाग
एवढं कशाला? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढा.

शुभंकर_धुळे
ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात. रात्री दोनला कोणी 'जगायचं नाही' लिहिलं तर सकाळपर्यंत कोण बघणार? ग्रुप फक्त निरोपापुरता ठेवा, लिहिण्याची मुभा अ‍ॅडमिनलाच. वर 14416 पिन करा. ही टेलिमानस हेल्पलाइन मोफत आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं.

मेहरूण
सकाळी आठची वेळ ठेवू नका. रात्रीच्या ओलान्झापाइन, क्लोझापाइन या गोळ्यांची गुंगी सकाळी उतरलेली नसते. अकरा बरे.

केळीबाग
वैशाखात अकराला? संध्याकाळी साडेपाच ठेवा.

मेहरूण
मग खेड्यातल्याला परतीची एसटी मिळत नाही. उन्हाचं मात्र खरं आहे. गटात कोणी लिथियमच्या गोळ्यांवर असेल तर घाम आणि जुलाबाने रक्तातलं लिथियमचं प्रमाण वाढतं. पाणी भरपूर, जेवणातलं मीठ अचानक कमी करायचं नाही, अंगदुखीला ब्रुफेन मनाने घ्यायची नाही. हात जास्त थरथरले, उलट्या झाल्या, तोल जायला लागला तर त्याच दिवशी डॉक्टर.

तापीकाठ
लिथियम नाही त्याला. वार कोणता ठेवू?

केळीबाग
आठवडे बाजाराचा. आसपासच्या गावांतली माणसं तशीही येतात, कुठे चालला म्हणून कोणी विचारत नाही.

शुभंकर_धुळे
वार पटला. पण खोली बाजारापासून लांब घ्या. भोंग्यांचा गलका आणि गर्दी काहींना सोसत नाही.

सातपुडा_वारा
गट होईल तेव्हा होईल. श्रावणात आपल्या खानदेशात कानबाई देवीच्या रोटांसाठी घरच्या पुरुषांच्या नावाने गव्हाच्या मुठी घेतात, त्याची मूठ त्यालाच घेऊ द्या. दळण आणायचं कामही त्याच्याकडेच सोपवा. विसर्जनाला ढोलांजवळ उभं करू नका.

तापीकाठ
त्याच्या वाट्याची मूठ दरवर्षी आईच घेते. बोलतो घरी. वाचनालयात उद्या विचारतो, पण गटाचं नाव काय सांगू?

शुभंकर_धुळे
व्यवस्थापकांना खरं काय ते सांगा. फलकावर फक्त वार आणि वेळ लिहा. आजाराचं नाव दिसलं की नवा माणूस पायरीवरूनच परततो.

तापीकाठ
ठीक. दुसरा सूत्रधार अजून नाही. शहादा-तळोद्याकडचं कोणी आहे का इथे?