घरच्या बिअरला येणारा औषधी वास

प्रश्न: घरी केलेल्या बिअरच्या माझ्या गेल्या तीन खेपांना औषधी वास येत असून, बाटल्यांत भरल्यावर महिन्याभरात चव ओल्या पुठ्ठ्यासारखी होते. माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) आणि हॉप्स (बिअरला कडवटपणा व सुवास देणारी फुले) बदलूनही फरक पडला नाही. चूक कुठे होत असावी?

उत्तर १: औषधी वासाचे मूळ बहुधा पाण्यात असते. नळाच्या पाण्यातील क्लोरीनचा बिअरमधील फिनॉल या प्रकारच्या संयुगांशी संयोग होऊन क्लोरोफिनॉल तयार होते, आणि ते इतक्या अल्प प्रमाणातही जाणवते की उत्तम हॉप्सही त्यापुढे निष्प्रभ ठरतात. क्लोरीन उकळल्याने निघून जाते, परंतु क्लोरामाइन (काही ठिकाणी पाणी निर्जंतुक करण्यासाठी क्लोरीनऐवजी वापरले जाणारे संयुग) सहजासहजी जात नाही. त्यासाठी पोटॅशियम मेटाबायसल्फाइट अगदी थोडे घालावे. भांडी ब्लीचने धूत असाल, तर तेही थांबवावे.

उत्तर २: पुठ्ठ्याची चव ही ऑक्सिजनची करणी आहे. आंबणे पूर्ण झाल्यावर बिअर उंचावरून ओतू नये. नळी बाटलीच्या तळाशी टेकवूनच भरावी.

उत्तर ३: तापमानाचा उल्लेख मात्र राहिला. एलचे (तुलनेने उबदार तापमानात आंबवल्या जाणाऱ्या बिअरचे) बहुतेक यीस्ट १८ ते २० अंश सेल्सिअसला चांगले काम करते, आणि आंबताना द्रव खोलीपेक्षा काही अंशांनी अधिक तापतो (हे मी स्वतः बराच काळ दुर्लक्षिले), म्हणून तापमापक भिंतीवर नव्हे, भांड्याला लावावा.

प्रश्नकर्ता: भांडी मी ब्लीचनेच धुतो. पुढील खेप त्याविना करून कळवतो.