मृतांची वाट, चोवीस शब्द आणि पाच चौकटी

जकरंदा

गेल्या आठवड्यात ‘फळा-खडू’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या शिक्षकांनी येथे, या चर्चापानावर, आपली अध्यापनपद्धती मांडली होती. नायजेरियन लेखक चिनुआ अचेबे यांची ‘डेड मेन्स पाथ’ (मृतांची वाट) ही इंग्रजी कथा वर्गात घेण्यापूर्वी ते चोवीस कठीण शब्द अर्थांसह पाठ करून घेतात, मग एका तासिकेत कथा वाचतात आणि पात्रे, स्थळकाळ, संघर्ष, उत्कर्षबिंदू व शेवट अशा पाच चौकटी मुलांकडून भरून घेतात. या पद्धतीमुळे आफ्रिकी साहित्य मुलांना सोपे जाते, असे त्यांचे म्हणणे आहे. मी नऊ वर्षे नैरोबीत नववीच्या वर्गाला इंग्रजी साहित्य शिकवते आहे आणि हे वाचल्यापासून मी अस्वस्थ आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

ही कथा जेमतेम चार पानांची आहे. 1949 च्या जानेवारीत मायकेल ओबी हा सव्वीस वर्षांचा तरुण एका मिशन शाळेचा मुख्याध्यापक होतो. शाळेच्या आवारातून गावाच्या देवस्थानापासून स्मशानाकडे जाणारी जुनी वाट तो काटेरी तार लावून बंद करतो. ‘मृत माणसे याच वाटेने जातात आणि जन्माला येणारी मुले याच वाटेने येतात’ हे गावच्या पुजाऱ्याचे सांगणे तो हसण्यावारी नेतो. दोन दिवसांनी गावातली एक तरुण स्त्री बाळंतपणात दगावते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कुंपण, फुलझाडे आणि शाळेची एक इमारत उद्ध्वस्त झालेली दिसते. नेमका त्याच दिवशी गोरा पर्यवेक्षक तपासणीला येतो.

आता शब्दांकडे पाहा. कथेच्या आरंभी ओबी ही जबाबदारी ‘एन्थुझिअॅझम’ने स्वीकारतो. शेवटी पर्यवेक्षकाच्या अहवालात त्याच गुणासाठी ‘झील’ हा शब्द येतो, तोही ‘भलत्या दिशेने गेलेला’ या विशेषणासह. यादीत या दोन्ही शब्दांसमोर ‘उत्साह’ असे लिहिले, तर कथेचा कणाच मोडतो, कारण माणूस तोच आहे आणि त्याच्याकडे पाहणारी नजर बदलली आहे. हा फरक गोष्ट वाचतानाच कळू शकतो, आधी पाठ करून मुळीच नाही.

फळा-खडू

ताई, आपल्या वर्गात किती विद्यार्थी आहेत? माझ्या वर्गात अठ्ठेचाळीस आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरात इंग्रजी वाचणारे दुसरे कोणीही नाही. तीन वर्षांपूर्वी मी हीच कथा कोणतीही यादी न देता वाचायला दिली होती. पहिल्याच परिच्छेदात ‘पिव्होटल’ (कळीचा) या शब्दाशी एक मुलगी थांबली, तिने पुस्तक मिटले आणि पुढचे वीस मिनिटे ती बाकावरच्या रेघा नखाने कोरत बसली. विचारल्यावर तिने एवढेच सांगितले, “सर, हे माझ्यासाठी नाही.” त्या मुलीला मी नजरेतल्या बदलाबद्दल काय सांगणार होतो? यादी ही तिच्यासाठी उंबऱ्याशी ठेवलेली पायरी आहे. ज्यांच्या घरात पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांना पायरीची गरज भासत नाही, आणि म्हणून पायरीच काढून टाका असे त्यांनी म्हणणे मला अन्यायाचे वाटते.

चौकटींविषयी म्हणाल, तर परीक्षेत प्रश्न त्याच चौकटींवर येतो. तो मी तयार केलेला नाही.

खाडीपार

मी अकरा वर्षे नायजेरियात, लागोसमध्ये राहते. ‘फळा-खडू’ यांनी त्या लेखाखाली त्यांची दुसरी यादीही दिली होती. ती अचेबे यांच्या 1958 च्या ‘थिंग्ज फॉल अपार्ट’ या कादंबरीतल्या कासव आणि पक्ष्यांच्या गोष्टीसाठी होती. त्यात ‘याम म्हणजे रताळे’ आणि ‘कोला म्हणजे सुपारी’ असे अर्थ आहेत. हे दोन्ही अर्थ चुकीचे आहेत आणि मला ते मनापासून खटकले.

याम हा रताळ्याच्या कुळातला नाही. आपल्याकडे कोकणात जे कोनफळ मिळते, ते त्याचे खरे भावंड आहे. इथल्या बाजारात माणसाच्या मांडीएवढे, खडबडीत सालीचे याम ढिगाने रचलेले असतात. त्या कादंबरीत याम हे पुरुषाचे पीक आहे, त्यावर माणसाची पत ठरते आणि नव्या यामचा सण होतो. रताळे म्हटले की आपल्या मुलांना उपवास आठवतो.

कोलाचे, म्हणजे पाहुण्यांसमोर ठेवल्या जाणाऱ्या त्या कडवट बीचे, तर त्याहून वेगळे आहे. आमचे इग्बो (अचेबे याच समाजाचे) शेजारी पहिल्यांदा आमच्या घरी आले, तेव्हा त्यांच्यातल्या सर्वांत वयस्कर गृहस्थांनी कोला हातात धरून इग्बो भाषेत प्रार्थना केली, फोड करून त्याच्या पाकळ्या मोजल्या आणि मगच तो सर्वांना दिला. त्यांच्या आठवड्याला चार बाजारवार असतात, एके, ओरिये, आफो आणि न्क्वो, आणि चार पाकळ्यांचा कोला म्हणून शुभ मानतात. आम्हा दोघांना इग्बो कळत नव्हते, तरी त्यांनी प्रार्थना इंग्रजीत केली नाही, कारण कोलाला इंग्रजी कळत नाही असे ते लोक मानतात. सुपारी फोडताना आपण असे काही मानतो का?

जुनी पाटी

कोलाला इंग्रजी कळत नाही, हे वाक्य वाचून मी थबकलो. मग अचेबे आणि इतर आफ्रिकी लेखक, ही सारी मंडळी इंग्रजीत का लिहितात आणि आपण ते इंग्रजी शब्दसंग्रह वाढवण्यासाठी का वापरतो, हा मूळ प्रश्न कोणीच विचारत नाही. केनियाचे लेखक न्गुगी वा थिओंगो यांनी आपल्या शाळेचे वर्णन केले आहे. गिकुयू ही मातृभाषा बोलताना सापडलेल्या मुलाच्या हाती एक बटण दिले जाई, त्याने ते पुढच्या बोलणाऱ्याला द्यायचे, आणि दिवसाअखेर सर्वांना छड्या बसत किंवा गळ्यात ‘मी मूर्ख आहे’ अशी पट्टी अडकवली जाई. मी ज्या शाळेत शिकलो, तिथे मराठी बोलल्यास दहा पैसे दंड होता. माझ्या धाकट्या भावाने मधल्या सुट्टीत पडल्यावर ‘आई गं’ म्हटले आणि त्यालाही दंड भरावा लागला. साठ वर्षे झाली, पण गुडघ्यातून रक्त येत असताना खिशातले नाणे शोधणारा तो मुलगा मला अजून दिसतो. म्हणून मी म्हणतो, आफ्रिकेची गोष्ट शिकवायची असेल, तर ती मराठीत भाषांतरित करून शिकवा.

मीठभाकर

आपल्या भावाबद्दल वाचून वाईट वाटले, परंतु त्यातून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. न्गुगी यांनी 1964 मध्ये पहिली कादंबरी इंग्रजीतच प्रसिद्ध केली. पुढे 1977 मध्ये कामिरिथूच्या गावकऱ्यांबरोबर गिकुयू नाटक केल्यावर त्यांना तुरुंगात टाकले, आणि तिथे टॉयलेट पेपरवर त्यांनी गिकुयू कादंबरी लिहिली. त्यांच्या निर्णयाची किंमत मी जाणतो. पण अचेबे यांनी उलट बाजू तितक्याच जबाबदारीने मांडली होती, की इंग्रजी वापरायची, पण ती आपल्या अनुभवाचे वजन पेलेल अशी वाकवून घ्यायची. त्यांच्या वाक्यांत इग्बो म्हणी जागोजागी बसलेल्या आहेत. ‘डेड मेन्स पाथ’मध्येच पुजारी सांगतो की घारीलाही बसू द्या आणि गरुडालाही बसू द्या. त्याला आपण गुलामीची भाषा म्हणणार का?

जुनी पाटी

मी अचेबे यांना गुलाम म्हटलेले नाही. माझ्या तोंडी शब्द घालू नका.

मीठभाकर

आपण म्हटले नाही, पण ‘ही सारी मंडळी इंग्रजीत का लिहितात’ या प्रश्नात ते आहे. ज्यांना इंग्रजीखेरीज नायजेरियातल्याच दुसऱ्या प्रांताशी बोलता येत नव्हते, त्यांना आपण पुण्यात बसून असे विचारावे, हे मला उद्धट वाटते. क्षमस्व, पण वाटते.

जुनी पाटी

मी पुण्यात राहत नाही. उद्धट हा शब्द मात्र मी विसरणार नाही. नायजेरियाच्या प्रांतांविषयी आपण म्हणता ते खरे आहे, तेवढे मी मान्य करतो.

जकरंदा

भाषेचा हा वाद माझ्या वर्गात रोज असतो, म्हणून तो परत कथेकडे नेते. माझ्या बावीस मुलांत (होय सर, बावीसच, आणि आपला प्रश्न मला लागला) चारजण गिकुयू समाजातले आहेत. ही कथा वाचताना त्यांतल्या एकाने घरी आजीला विचारले की आपल्याकडे अशी वाट होती का. आजीने त्याला मुगुमो या झाडाविषयी सांगितले, जे तोडायचे नसते. दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात सांगितले की उत्कर्षबिंदू इमारत पाडली जाते तिथे नाही, पुजारी काठी टेकत निघून जातो तिथेच आहे, कारण त्यानंतर जे घडायचे ते घडणारच होते. दुसऱ्या मुलीने ठामपणे सांगितले की तो बाळंतिणीच्या मृत्यूत आहे. अर्धा तास भांडण झाले आणि त्या अर्ध्या तासात ‘संघर्ष’ म्हणजे काय ते मुलांना कळले. चौकटीत एकच उत्तर बसते, ही माझी तक्रार आहे.

यादीविषयी मी थोडी मागे येते. ‘पिव्होटल’सारखा शब्द आधी सांगायला हवा, कारण त्या शब्दावर कथा उभी नाही आणि त्यात अडकून मूल बाहेर राहते. ‘झील’ मात्र सांगू नये.

फळा-खडू

चोवीस शब्दांची यादी मी सोडणार नाही असे ठरवून बसलो होतो. याम आणि कोलाचे अर्थ मी चुकीचे शिकवले, हे मान्य करताना मला बरे वाटत नाही, कारण दोन तुकड्या ते पाठ करून दहावी पास झाल्या आहेत.

काल यादीतून सहा शब्द ठेवले आणि बाकीचे काढले. कथा दोन तासिकांत वाचली आणि उत्कर्षबिंदू कोठे आहे ते कारणासह लिहायला सांगितले. अठ्ठेचाळीसपैकी एकोणीसजणांनी इमारत, अकराजणांनी बाळंतीण, सातजणांनी पुजारी लिहिले आणि बाकीच्यांनी कागद कोरा दिला. त्या कोऱ्या कागदांचे काय करायचे, याचे उत्तर अजून कोणीही दिलेले नाही. बावीस मुलांच्या वर्गाचे उत्तर मला चालणार नाही.

खाडीपार

सर, बाळंतीण लिहिणाऱ्या त्या अकराजणांना पुन्हा प्रत्यक्ष बोलते करा, कारण बाळंतिणीचे उत्तर देणाऱ्यांत घरी असे काही पाहिलेले कोणी असू शकते. आणि कोनफळ रत्नागिरीकडच्या बाजारात हिवाळ्यात मिळते. एखादे वर्गात टेबलावर ठेवा.